वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

जव्हार-मोखाड्याचा आपला मुलूख डोंगरांचा. जव्हार गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंच आहे. जामसरच्या शिवारात उभे राहून पश्चिमेकडे नजर टाकावी तर टेकडीमागून टेकडी दिसते. समुद्राचे दर्शन काही होत नाही. तथापि त्या टेकड्या उतरून गेल्यावर जो सपाट किनारा लागतो, त्याच्या दक्षिण टोकास वसई आहे, आणि ज्या सत्पुरुषाचे चरित्र आज सांगावयाचे आहे ते त्या वसईच्या मातीतले. वसई आणि जव्हार 1998 पासून एकाच धर्मप्रांतात आहेत आणि 2014 पासून एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. तेव्हा संत गोन्सालो गार्सिया हे परक्या मुलखातील संत, त्यांच्याशी डोंगरातल्या आपणांस काय कर्तव्य, असे कोणी समजू नये.

हे चरित्र या स्मरणिकेत देण्यास आणखी एक कारण आहे. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे चौकस मूल हटकून एक प्रश्न विचारते. प्रभू येशूने सर्व मानवांकरिता क्रूसावर प्राण अर्पण केले व त्यामुळे आपले तारण झाले, असे त्याला शिकविलेले असते. मग त्यानंतर पंधरा शतकांहून अधिक काळ लोटल्यावर वसईच्या एका माणसाने पुन्हा क्रूसावर चढून मरावे, याचे प्रयोजन काय? प्रभूच्या बलिदानात काही उणे राहिले होते काय? प्रश्न मुलाचा असला तरी पोरकट नव्हे. पुष्कळ मोठी माणसेही येथे चुकतात. संतांनी आपले रक्त देऊन स्वर्ग विकत घेतला, असे काहींस वाटते. तर संत मेले ते आपल्या पापांकरिता, अशी काहींची समजूत असते. या दोन्ही समजुती ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीस धरून नाहीत. खरे काय, ते गोन्सालोंचे चरित्रच सांगेल.

सन 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांस तहाने दिला. त्यानंतर थोड्याच काळात तेथे फ्रान्सिस्कन व येशूसंघीय धर्मगुरू आले, मंदिरे उभी राहिली, शाळा निघाल्या. वसईच्या उत्तरेस आगाशी हे बंदर त्या काळी जहाजबांधणीकरिता नावाजलेले होते. याच परिसरात 1556 च्या सुमारास गोन्सालोंचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज शिपाई, माता याच भूमीची कन्या. एका घरात दोन रक्ते व दोन भाषा एकत्र आल्या होत्या. पुढे ज्यांना आयुष्यभर इकडचे बोलणे तिकडे आणि तिकडचे इकडे पोहोचवावयाचे होते, त्यांचा जन्म अशाच घरी व्हावा हा ईश्वरी योजनेचा भाग म्हणावा लागेल.

बाळ गोन्सालोंचे शिक्षण वसई येथील येशूसंघीयांच्या विद्यालयात झाले. तेथे फादर सेबास्तियन गोन्साल्विस या गुरूंची त्यांच्यावर विशेष मर्जी जडली. सन 1572 च्या सुमारास गोन्सालो पंधरा वर्षांचे असताना या गुरूंबरोबर ते जपानला गेले. आज पंधरा वर्षांचा मुलगा जव्हारहून ठाण्याला शिकावयास निघाला तरी आईचा जीव खालीवर होतो. त्या काळी जपानचा प्रवास म्हणजे कित्येक महिन्यांचा, आणि परतीची शाश्वती कोणासच नसे. गोन्सालो परत आले नाहीत.

जपानात संत फ्रान्सिस झेवियर 1549 साली उतरले होते. त्यांनी लावलेले रोप गोन्सालो पोहोचेपर्यंत चांगले वाढीस लागले होते. गोन्सालोंनी जपानी भाषा लवकर आत्मसात केली आणि येशूसंघीयांच्या हाताखाली धर्मशिक्षक म्हणून सुमारे आठ वर्षे सेवा केली. मुलांना जमविणे, प्रार्थना शिकविणे, धर्मगुरूंचे प्रवचन लोकांच्या बोलीत सांगणे हे त्यांचे नित्याचे काम. येशूसंघात आपला स्वीकार व्हावा अशी त्यांची मनोमन इच्छा होती. ती फळास आली नाही. या गोष्टीचा खल करण्यात आता अर्थ नाही. पण ज्या घरी आठ वर्षे राबलो त्या घरचे आपण होऊ शकत नाही हे कळल्यावर तरुण मनास काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

मग ते व्यापारात पडले. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, शब्दाला किंमत होती. धंदा भरभराटीस आला आणि पूर्वेकडील बंदरांतून त्यांची जा-ये सुरू झाली. कोणी म्हणेल की येथे त्यांची कथा संपावयास हरकत नव्हती. मनासारखे झाले नाही म्हणून संसारात रमलेले सज्जन जगात थोडे नाहीत, आणि प्रामाणिक व्यापार हे काही पाप नव्हे. परंतु व्यापारानिमित्त ते फिलिपाईन बेटांतील मनिला येथे जाऊ लागले असता अनवाणी हिंडणारे, दीनदुबळ्यांत राहणारे फ्रान्सिस्कन धर्मबंधू त्यांच्या दृष्टीस पडले. मनात राखेखाली दडलेला निखारा पुन्हा फुलला. मिळविलेले धन सोडून त्यांनी त्या संघात प्रवेश केला व 1588 साली धर्मबंधू म्हणून व्रते घेतली. ते धर्मगुरू झाले नाहीत. वेदीपाशी उभे राहून मिस्साबली अर्पण करण्याचा अधिकार त्यांना कधीच मिळाला नाही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

सन 1593 मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली वकिलात पाठविली. या हिदेयोशीने 1587 सालीच ख्रिस्ती धर्मोपदेशकांना देश सोडून जाण्याचा हुकूम काढला होता. हुकूम कागदावर राहिला होता इतकेच. अशा संशयी व बलाढ्य पुरुषासमोर बोलावयाचे तर जपानी भाषा, रीतिरिवाज व मानपान जाणणारा दुभाषी पाहिजे. ते काम गोन्सालोंकडे आले. दुभाष्याची स्थिती चमत्कारिक असते. दोन्ही पक्षांचे शब्द त्याच्या मुखातून जातात आणि त्याचा स्वतःचा असा शब्द एकही नसतो. पण राग आला म्हणजे धन्याची नजर प्रथम त्याच्यावरच पडते. हिदेयोशी सुरुवातीस धमकीच्या भाषेत बोलला, पुढे शांत झाला, आणि अखेर या अनवाणी पाहुण्यांना त्याने क्योतो या राजधानीत राहण्याची मोकळीक दिली.

तेथे त्यांनी लहानसा मठ व मंदिर उभारले. त्याहून मोठे काम म्हणजे कुष्ठरोग्यांकरिता काढलेली रुग्णालये. ज्यांना घरच्यांनी टाकले, ज्यांच्या सावलीलाही लोक भीत, त्यांच्या जखमा हे धर्मबंधू धूत असत. गोन्सालोंची जपानी वाणी येथे दरबारातल्यापेक्षा अधिक कामास आली असावी. ही तीन-साडेतीन वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत सुखाची होती असे मला वाटते, जरी हा केवळ माझा तर्क आहे.

ऑक्टोबर 1596 मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्यास लागले. जहाजावर अलोट माल होता. तो जप्त झाला, वादावादी झाली, आणि धर्मोपदेशक हे स्पेनच्या राजाचे पुढे पाठविलेले हेर आहेत, असा संशय हिदेयोशीच्या मनात कोणीतरी भरविला. कोणी काय बोलले याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. परिणाम मात्र निर्विवाद आहे. 8 डिसेंबर 1596 रोजी, पवित्र मारियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, मठाभोवती पहारे बसले.

पकडावयाच्या माणसांची यादी करण्यात आली. तीत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन जपानी येशूसंघीय होते, त्यांत पॉल मिकी हे नामांकित प्रवचनकार. बाकीचे मठाशी संबंध असलेले साधे जपानी भाविक होते. या वेळी घडलेली एक गोष्ट परंपरेने सांगत आले आहेत. यादीत माथियस असे एक नाव होते. हा मठाचा बाजारहाट करणारा मनुष्य. शिपायांनी त्याला हाक मारली तेव्हा तो जागेवर नव्हता. शेजारी राहणारा, नुकताच बाप्तिस्मा घेतलेला दुसरा एक इसम पुढे आला. आपलेही नाव माथियसच आहे आणि आपणही या धर्मबंधूंचा स्नेही आहोत, असे त्याने सांगितले. शिपायांना संख्या भरावयाची होती. त्यांनी त्याला बांधून नेले. पहिल्या माथियसचे पुढे काय झाले ते कथा सांगत नाही. दुसरा आज संतांच्या मालिकेत आहे.

आमच्या चौकस मुलाच्या प्रश्नाची गुरुकिल्ली येथे आहे, म्हणून क्षणभर थांबू. देवाला काही अर्पण करावे ही मानवाची फार जुनी ओढ आहे. आपल्या डोंगरांतून पीक हाती आले, संकट टळले, म्हणजे कोंबडे किंवा बकरे देण्याची चाल पूर्वापार आहे; इस्राएल लोकही कोकरू अर्पण करीत, आणि ओलांडण सणाच्या कोकराच्या रक्ताने आपली घरे वाचली ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपत. या सर्व अर्पणांत देणारा एक आणि मरणारा दुसरा असतो. देणारा अर्पण करून घरी जातो. ख्रिस्तसभा शिकविते ते असे की गोलगोथाच्या टेकडीवर ही रीत उलटली. तेथे अर्पण करणारा व अर्पण होणारा एकच होता. अपराध्याच्या जागी निरपराधी उभा राहिला, आणि तो पकडून आणलेल्या कोकरासारखा अजाण नव्हता. सर्व जाणून, पित्यावरील व आपणांवरील प्रेमाने, त्याने स्वतःस दिले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सारा रोख हाच आहे की हे अर्पण एकदाच झाले आणि ते सर्वकाळास पुरेसे आहे. त्यात भर घालण्यास जागा नाही, व भर घालण्याचे सामर्थ्य कोणा संतात नाही.

मग माथियसने काय केले? त्याने कोणाची पापे धुतली नाहीत. ज्या प्रेमाने त्याचे तारण झाले होते ते प्रेम त्याच्या हाडीमासी खिळले होते, आणि वेळ येताच त्याने तेच केले जे आपल्या धन्याने केलेले त्याने ऐकले होते. तो दुसऱ्याच्या जागी उभा राहिला. झऱ्याचे पाणी पाटाने शेतात आले म्हणून झऱ्यात उणे होते असे कोणी म्हणत नाही. पाट झऱ्यात भर घालीत नाही. झऱ्याचे पाणी शेतापर्यंत पोहोचले एवढीच पाटाची साक्ष. रक्तसाक्षी हा शब्दही असाच आहे. रक्ताने साक्ष देणारा, रक्ताने किंमत चुकविणारा नव्हे.

3 जानेवारी 1597 रोजी क्योतोमध्ये चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. नाक व दोन्ही कान कापण्याचा मूळ हुकूम एका अधिकाऱ्याने सौम्य केला होता, तो इतकाच. मग त्यांना गाड्यांत बसवून शहरोशहरी धिंड काढली आणि नंतर नागासाकीकडे, ऐन हिवाळ्यात, शेकडो मैल चालविले. नागासाकीत ख्रिस्ती लोक पुष्कळ होते. त्यांना दहशत बसावी हा हेतू. वाटेत त्यांची शुश्रूषा करीत मागे येणारे दोघे भाविकही पहारेकऱ्यांनी कैद्यांत घातले, आणि संख्या सव्वीस झाली. वसईच्या उबदार वाडीत वाढलेला आमचा संत त्या बर्फाच्या वाटेने कसा चालला असेल?

कैद्यांत तीन मुले होती. लुईस इबाराकी बारा वर्षांचा, आंतोनी तेरा वर्षांचा आणि थोमस कोझाकी चौदा वर्षांचा. थोमसचे वडील मिखाएल हेही त्याच रांगेत होते. वाटेत एका किल्ल्यात मुक्काम पडला असता थोमसने आईला पत्र लिहिले. ते पत्र पुढे त्याच्या वडिलांच्या अंगावर, रक्ताने माखलेले सापडले. त्यात मुलगा आईला धीर देतो व धाकट्या भावांची काळजी घ्यावयास सांगतो. पण त्याने लिहिलेली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. मरणसमयी जवळ धर्मगुरू नसला तरी आईने घाबरू नये; आपल्या पापांचा अंतःकरणापासून अनुताप करावा, येशू ख्रिस्ताच्या अनंत उपकारांचे स्मरण करावे, म्हणजे तिचे तारण होईल, असे त्याने तिला कळविले. चौदा वर्षांच्या मुलाने आपल्या मरणाचा उल्लेख आईच्या तारणाची किंमत म्हणून कोठेही केला नाही. स्वतः क्रूसाकडे चालला असता त्याने आईला आपल्या क्रूसाकडे नव्हे, ख्रिस्ताच्या क्रूसाकडे पाहावयास सांगितले. मोठमोठ्या ग्रंथांतून जे समजावून घ्यावे लागते ते या मुलाला ठाऊक होते. पावसाळ्यात ओढे भरून आले आणि दूरच्या पाड्यावरील आजाऱ्यापाशी धर्मगुरू पोहोचू शकला नाही, असा प्रसंग आपल्या डोंगराळ मुलखात कोणावरही येऊ शकतो. अशा घरांनी थोमसचे हे पत्र विसरू नये.

5 फेब्रुवारी 1597 रोजी सकाळी सर्वजण नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पोहोचले. सव्वीस क्रूस जमिनीवर मांडून ठेवले होते. पाहणाऱ्यांनी जी हकीकत लिहून ठेवली तीत गोन्सालोंचे नाव आरंभीच येते. ते थेट एका क्रूसापाशी गेले आणि हा माझाच काय, असे त्यांनी विचारले. तो त्यांचा नव्हता. त्यांना दुसऱ्याकडे नेण्यात आले. तेव्हा गुडघे टेकून त्यांनी त्या लाकडास मिठी मारली. त्यांचे पाहून इतरांनीही तसेच केले. बारा वर्षांच्या लुईसने आपला क्रूस कोठे आहे याची चौकशी केली. त्या दिवसाचा अधिकारी या मुलाला धर्म सोडल्यास जीवदान देऊ म्हणत होता. मुलाने नकार दिला.

येथे खिळे ठोकले नाहीत. हात, पाय व मान लोखंडी कड्यांनी लाकडास जखडली आणि क्रूस उभे केले. मेक्सिकोचे फेलिपे दे जेझूस, जे सान फेलिपे जहाजावरून गुरुदीक्षा घेण्यास मायदेशी चालले होते, त्यांच्या पायांखालचा आधार नीट बसला नव्हता. मानेच्या कड्याने त्यांचा श्वास कोंडू लागला आणि सर्वांत आधी त्यांचाच अंत झाला. पॉल मिकींनी क्रूसावरूनच प्रवचन केले. आपण परदेशी नव्हे, जपानी आहोत, कोणताही गुन्हा केलेला नाही, ख्रिस्ताच्या मार्गावाचून तारणाचा दुसरा मार्ग नाही, आणि म्हणूनच सत्ताधीशास व मारणाऱ्यांस आपण क्षमा करतो, असा त्या प्रवचनाचा आशय होता. गोन्सालो मोठ्याने स्वर्गीय पित्याची व मारियेची प्रार्थना म्हणत होते. जमावात ओळखीचे पोर्तुगीज लोक होते. त्यांच्यामार्फत गोन्सालोंनी आपले वसईचे गुरू फादर सेबास्तियन यांना अखेरचा नमस्कार सांगितला, अशी आठवण सांगतात. ज्या संघात त्यांना जागा मिळाली नाही त्याच संघाच्या गुरूची ही आठवण. मनात कटुतेचा लवलेश असता तर ती त्या घटकेस सुचली नसती. मग मारेकरी दोन-दोन भाले घेऊन रांगेने फिरले. दोन्ही बाजूंनी कुशीत शिरलेले भाले खांद्याकडे बाहेर पडत. रांगेचे नायक फादर पेद्रो बाप्तिस्ता सर्वांत शेवटी मरण पावले. गोन्सालोंचे वय त्या वेळी सुमारे चाळीस वर्षांचे होते.

आता वर ध्यानात ठेवावयास सांगितलेली गोष्ट आठवा. गोन्सालो धर्मगुरू नव्हते. वेदीवर त्यांचे काम नव्हते. त्रेंतच्या महासभेने 1562 साली स्पष्ट केले की मिस्साबली म्हणजे क्रूसावरील तेच एक अर्पण, रक्तावाचून आपणांसमोर सादर होणारे. निराळे बलिदान नव्हे. त्या अर्पणात रविवारच्या मिस्सेस आलेला प्रत्येक भाविक आपले श्रम, दुःखे व प्राण मिसळू शकतो. धर्मगुरू भाकर व द्राक्षरस वेदीवर ठेवतो तेव्हा पाण्याचा एक थेंब त्या रसात टाकतो. थेंबाने रस वाढत नाही, पण थेंब रसात मिळून जातो. वर्षानुवर्षे मिस्सेच्या वेळी मागे गुडघे टेकून बसलेला हा धर्मबंधू निशिझाकावर त्या थेंबासारखा मिळून गेला. संत पौलाने कलस्सैकरांस लिहिताना ख्रिस्ताच्या दुःखांचा आपल्या देहात राहिलेला वाटा पुरा करण्याची जी गोष्ट काढली आहे, तिचा अर्थही असाच घ्यावयाचा असतो. उणे ख्रिस्ताच्या दुःखात नव्हते. उणे होते ते आपल्या वाट्यास आलेल्या सहभागात. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1964 साली हेच पुन्हा सांगितले की रक्तसाक्ष्यात शिष्य हा गुरूसारखा होतो, आणि ती माणसाची मिळकत नसून देवाची देणगी आहे.

यास्तव ख्रिस्तसभेने मरण ओढवून घेणाऱ्यास कधी रक्तसाक्षी मानले नाही. गोन्सालो मरण शोधीत जपानास गेले नव्हते. मुलांना शिकविणे, व्यापार, दुभाषाचे काम, रोग्यांच्या जखमा धुणे यांतून दिवस जात असता ते त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले, आणि त्यांनी पाठ फिरविली नाही.

पुढील वृत्तांत थोडक्यात सांगतो. पोप आठवे उर्बान यांनी 14 सप्टेंबर 1627 रोजी या रक्तसाक्ष्यांस धन्य म्हणून घोषित केले आणि पोप नववे पायस यांनी 8 जून 1862 रोजी सव्वीसही जणांस संतपद दिले. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून गोन्सालोंचा उल्लेख होतो. त्यांच्या मरणानंतर एकोणीस वर्षांनी, 1616 साली, गोव्यात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध झाले आणि प्रभूच्या दुःखसहनाची कथा मराठी ओवीत घरोघर पोहोचण्याची वाट मोकळी झाली. आपल्या मातृभूमीच्या वाणीत ती कथा ऐकण्याचे भाग्य गोन्सालोंना लाभले नाही. त्यांनी ती जपानीत सांगितली होती.

जपानात 1614 साली धर्मावर सर्वत्र बंदी आली. धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले. दोनशे वर्षांहून अधिक काळ त्या देशात मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, अशी अवस्था होती. तरी डोंगरांत व बेटांवर काही घरे लपून बाप्तिस्मा देत राहिली, आणि धर्मगुरू नसता अनुतापाची प्रार्थना कशी करावी हे मुलांना तोंडपाठ करवीत राहिली. थोमसने आईला लिहिले होते तेच. 1862 च्या संतघोषणेनंतर नागासाकीच्या ओउरा भागात याच सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नावे मंदिर बांधण्यात आले. 17 मार्च 1865 रोजी उराकामी गावचे काही खेडूत भीत भीत त्या मंदिरात शिरले. फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ प्रार्थना करीत होते. एक स्त्री त्यांच्याजवळ आली, आपल्या सर्वांचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे असे हळूच सांगितले, आणि मारियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. सात पिढ्यांनी सांभाळलेला दिवा असा उघड्यावर आला.

संतांच्या जन्मभूमीचे दैव निराळे होते. मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीजांची सत्ता तेथून उठली. किल्ल्यातील मंदिरे कालांतराने उजाड झाली. आज त्यांच्या छप्पर नसलेल्या भिंती माडांमध्ये उभ्या आहेत. भाविक मात्र भोवतालच्या गावांतून टिकून राहिले. वसईजवळ गास येथे संतांच्या नावाचे मंदिर आहे आणि वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. 5 फेब्रुवारी हा संत अगाथाचा दिवस असल्याने सव्वीस रक्तसाक्ष्यांचा सण सार्वत्रिक पंचांगात 6 फेब्रुवारीस येतो.

निशिझाका टेकडीवर 1962 साली स्मारक उभारले गेले. शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी तेथे एका लांब भिंतीवर सव्वीस कांस्य आकृती रांगेने बसविल्या आहेत. क्रूस दाखविलेले नाहीत. मोठ्यांच्या मध्ये तीन मुले चटकन ओळखू येतात. सर्वांची पावले खाली लोंबती आहेत, जमिनीस टेकलेली नाहीत. आणि त्या रांगेत आमचे वसईकर गोन्सालो आहेत.